‘जरा अवघड आहे’ : त्सुकुबातल्या एका प्रयोगशाळेतलं वर्ष

हे प्रकरण एका मराठी संशोधिकेचं आहे. तिच्या परवानगीने लिहिते आहे. तिचं नाव, संस्था, गट आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. तिला इथे म. म्हणते. मी त्याच गावात बरीच वर्षं राहते. नव्याने आलेल्या भारतीय संशोधकांना पहिल्या महिन्यात हात देणारे आम्ही चार-पाच जण आहोत. तेवढ्या नात्याने मी यात आहे आणि एका ठिकाणी माझीही चूक आहे, ती पुढे येईलच.

पार्श्वभूमी

त्सुकुबा हे टोकियोच्या ईशान्येला, इबाराकी प्रांतात मुद्दाम वसवलेलं संशोधकांचं शहर. सरकारने ते उभारायचं ठरवलं १९६३ मध्ये. २००५ मध्ये त्सुकुबा एक्स्प्रेस ही रेल्वे सुरू झाली आणि टोकियोतलं अकिहाबारा पाऊण तासावर आलं. त्याआधी आलेले लोक अजून बसच्या गोष्टी सांगतात. रुंद रस्ते, सायकली, हिवाळ्यात हाडं फोडणारा कोरडा वारा आणि उत्तरेला ८७७ मीटर उंचीचा त्सुकुबा डोंगर. कुठल्याही रस्त्यावर दर पाच-सहा माणसांमागे एक पीएच.डी. भेटेल असं वाटावं, असं हे गाव.

म. कोल्हापूरकडची, एकतीस वर्षांची. वायू ओळखणाऱ्या सेन्सरसाठी ऑक्साइडचे पातळ थर बनवणं हा तिचा विषय. पद्धत स्प्रे पायरोलिसिस, म्हणजे द्रावणाचा बारीक फवारा तापलेल्या काचेवर मारून थर जमवायचा. स्वस्त आणि हातखंड्याची गोष्ट. पश्चिम महाराष्ट्रातल्या प्रयोगशाळांत ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आपल्याकडे विद्यार्थी आपली स्प्रे यंत्रणा स्वतःच जुळवतो, नोझल बसवतो, तापमानाचा कंट्रोलर दुरुस्त करतो. म.ला या सगळ्याचा सार्थ अभिमान होता.

तिला जपान सोसायटी फॉर द प्रमोशन ऑफ सायन्सची शिष्यवृत्ती मिळाली होती. मुदत १२ महिने, मासिक भत्ता ३ लाख ६२ हजार येन. या शिष्यवृत्तीतली एक बारीक गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. शिष्यवृत्तिधारक यजमान संस्थेचा नोकर नसतो. तो पाहुणा असतो. त्याच्या संशोधनखर्चासाठी वेगळं अनुदान येतं, पण ते यजमान संस्थेच्या हिशेबातून, तिथल्या नियमांनी खर्च होतं. म. मात्र त्याला पहिल्या दिवसापासून ‘माझे पैसे’ म्हणायची.

सप्टेंबरमध्ये ती आली. नारिताला विमानतळावरच झायर्यू कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, हातात पडलं. घर मिळाल्यावर १४ दिवसांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवला, राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव घातलं (दवाखान्याचं ३० टक्के बिल आपण भरायचं). अडकलं ते बँकेत. परकी चलनाच्या नियमांनुसार जपानमध्ये नोकरी न करणारा परदेशी माणूस सहा महिने होईपर्यंत ‘अनिवासी’ धरला जातो, आणि म. तर नोकर नव्हतीच. पहिल्या बँकेने नम्रपणे परत पाठवलं. खात्यासाठी फोन नंबर हवा, फोनच्या करारासाठी खातं हवं, असा तो प्रसिद्ध फेरा. शेवटी गटाच्या सेक्रेटरीबाई स्वतः सोबत गेल्या, संस्थेचं पत्र काउंटरवर ठेवलं आणि दुसऱ्या ठिकाणी खातं उघडलं. या बाई पुढेही येतात. त्यांना इथे सेक्रेटरी-सान म्हणते, ‘सान’ म्हणजे आपल्या ‘जी’सारखं.

कचऱ्याचे वार, दाशीत, म्हणजे तिथल्या रोजच्या रश्शात, असणारा मासा, कुणाच्याही आधी निघताना म्हणायचं ‘ओसाकी नि शित्सुरेई शिमासु’ हे सगळं ती भराभर शिकली. त्यावर वेळ घालवत नाही, कारण खरी अडचण तिथे नव्हतीच.

एक प्रसंग मात्र सांगते. म.ने येताना पुण्याहून एक किलो बाकरवडी आणली होती. पहिल्या दिवशी तिने पाकीट फोडलं, चहाच्या टेबलावर मधोमध ठेवलं आणि सगळ्यांना मेल केला, ‘घ्या’. दोन दिवस कुणी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरी-सान यांनी छोटे कागदी वाडगे आणले, प्रत्येकात चार-चार बाकरवड्या मोजून घातल्या आणि प्रत्येकाच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. सोबत चिठ्ठी, ‘म.-सान यांच्याकडून’. तासाभरात सगळे वाडगे रिकामे. म.ला तेव्हा गंमत वाटली होती.

अडचण

गटाची रचना अशी. वर प्राध्यापक, म्हणजे सेन्सेई. त्यांच्याखाली एक सहयोगी प्राध्यापक, मग एक जोक्यो, म्हणजे सहायक प्राध्यापक, चाळिशीच्या आतला, ठरावीक मुदतीच्या कराराने नेमलेला. मग अकरा विद्यार्थी, पदवीच्या चौथ्या वर्षापासून डॉक्टरेटपर्यंत. दर सोमवारी दहा वाजता गटाची बैठक.

गटात टिन ऑक्साइडचे थर बनवायचे ते स्पटरिंगने, म्हणजे निर्वात कक्षात आयनांचा मारा करून उडालेले अणू काचेवर जमवून. म.ची कल्पना होती की त्याच टिन ऑक्साइडचे थर स्प्रेने बनवायचे आणि दोन्हींची तुलना करायची. कल्पना चांगली होती, हे आजही म्हणेन. नोव्हेंबरच्या एका सोमवारी तिने ती बैठकीत मांडली. शेवटच्या स्लाइडवर तीन महिन्यांचं वेळापत्रक.

सेन्सेईंनी डोळे मिटले. दातांतून हवा आत ओढली. मान किंचित कलती केली. ‘सो देसु ने… चोत्तो मुझुकाशी काना.’ मग इंग्रजीत म्हणाले, जरा अवघड आहे, आपण विचार करू. लगेच पुढच्या विद्यार्थ्याची पाळी आली.

म.ने वहीत लिहिलं, ‘थोडं अवघड आहे. विचार करणार आहेत.’ ती वही मी पाहिली आहे. त्या ओळीखाली तिने दोन रेघा मारल्या होत्या.

जपानमध्ये राहिलेल्या कुणालाही माहीत असतं की ‘जरा अवघड’ म्हणजे ‘नाही’. आपल्याकडे मात्र अवघड म्हणजे मेहनत घेतली की होईल ते. ‘अवघड आहे’ असं गाइडने म्हटलं की आपला विद्यार्थी चेकाळतो. म. तीन आठवडे थांबली. उत्तर आलं नाही. कोणी नको म्हणत नाही तेव्हा हरकत नसावी, असं तिने धरलं. स्नातकोत्तर पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याकडून तिने टिन क्लोराइड आणि एक नोझल मागवलं. तो नको म्हणाला नाही. पाहुण्या डॉक्टरला तो नको म्हणणार तरी कसा? एका शनिवारी तिने फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा बाहेर ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटात, हीटर मांडला आणि दुपारभर फवारणी केली. थर छान जमले. तिने मला फोटोसुद्धा पाठवला, आणि मी त्याला अंगठा दिला.

सोमवारी फ्यूम हूडच्या काचेवर कागद चिकटवलेला होता, ‘वापर बंद’. जपानीत, कारण न देता. हीटर नीट पुसून, वायर गुंडाळून तिच्या टेबलावर ठेवलेला. बैठकीत त्याचा उल्लेख कोणी केला नाही. सेन्सेईंनी तिला हवामानाबद्दल विचारलं.

पुढचे दोन आठवडे असेच गेले. कोणी वाईट बोललं नाही. जेवायला बोलावणं मात्र थांबलं. ज्या विद्यार्थ्याने सामान मागवलं होतं तो दिसला की वाट बदलायचा. डिसेंबरच्या मध्याला रात्री दहाला तिचा फोन आला. ‘ताई, मला परत पाठवतील का?’

पर्याय काय होते

त्या रात्री आम्ही दोघींनी कागदावर मांडले ते असे. पुढच्या बैठकीत सरळ विचारायचं की माझं काय चुकलं. गप्प बसून गटाचं स्पटरिंग करायचं आणि ऑगस्टमध्ये घरी जायचं. यजमान बदलून मागायचा. किंवा सेन्सेईंना सविस्तर पत्र लिहायचं.

यजमान बदलणं कागदावर दिसतं तेवढं सोपं नसतं. वर्षातले तीन महिने त्यातच जातात, आणि त्सुकुबा लहान गाव आहे. गप्प बसण्याचा पर्याय म.ला अपमानाचा वाटत होता. बैठकीत विचारणं मला धोक्याचं वाटलं. अकरा विद्यार्थ्यांसमोर सेन्सेईंना ‘का’ विचारायचं म्हणजे त्यांना उत्तरच देता येऊ नये अशी व्यवस्था करायची.

मी पत्राचा सल्ला दिला. हीच ती माझी चूक. आम्ही दीड पानाचं पत्र लिहिलं. ‘माझ्याकडून काही चूक झाली असल्यास’ अशी सुरुवात, मग प्रयोगाचं वैज्ञानिक समर्थन, मग शिष्यवृत्तीच्या अटी, मग अनुदानावरचा तिचा हक्क. वकिलाच्या नोटिशीला शोभेल असं ते पत्र होतं. हे मला आज दिसतं, त्या रात्री दिसलं नाही.

म.चं नशीब की पाठवण्याआधी तिने ते सेक्रेटरी-सान यांना दाखवलं. बाईंनी पूर्ण वाचलं. मग म्हणाल्या, ‘लांब आहे.’ थोडं थांबून म्हणाल्या, ‘आधी त्या मुलाशी बोला. त्याला सेन्सेईंनी बोलावलं होतं.’

म.ला हे माहीतच नव्हतं. सामान मागवणाऱ्याच्या नावावर मागणी, म्हणून जबाबदारी त्याची. शनिवारी प्रयोगशाळेत तो हजर नव्हता, तरी ओरडा त्यालाच बसला होता. इतके दिवस ती स्वतःला अन्याय झालेली बाजू समजत होती.

काय केलं

त्याच दुपारी तिने त्या विद्यार्थ्याला जिन्यापाशी गाठलं आणि माफी मागितली, मोडक्यातोडक्या जपानीत. तो इतका गांगरला की त्यानेच तिची माफी मागितली. ते पत्र तिने फाडून टाकलं.

मग जोक्यो. सेक्रेटरी-सान यांनीच सुचवलं की संध्याकाळी साडेसहानंतर ते व्हेंडिंग मशीनपाशी कॉफी घ्यायला येतात, तेव्हा भेटा, मीटिंगची वेळ मागू नका. म. गेली. ‘ओत्सुकारेसामा देसु’ हा कामाच्या ठिकाणचा नमस्कार झाला. तिने एकच प्रश्न विचारला, ‘फ्यूम हूडमध्ये काय अडचण झाली?’ का नाकारलंत, असं विचारलं नाही.

जोक्योंनी खिशातून पावती काढली आणि तिच्या मागे चित्र काढलं. दोन चौकोन, एक त्यांच्या प्रयोगशाळेचा फ्यूम हूड, एक शेजारच्या गटाचा. दोन्हींतून वर जाणाऱ्या रेषा एकाच नळीत मिळत होत्या. टिन क्लोराइड तापवलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. ती सामाईक एक्झॉस्ट डक्टमधून जाते, धातू खाते, आणि शेजारच्या गटाची हरकत कायमची ओढवते. डक्ट दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा हा दोन गटांमधला जुना, नाजूक विषय होता. सेन्सेईंना तो भर बैठकीत उघडायचा नव्हता.

म्हणजे ‘अवघड’ या शब्दाच्या मागे एक नळी होती. संस्कृती वगैरे नंतर.

म.ने विचारलं, ‘क्लोराइड नसेल तर?’ जोक्यो बराच वेळ त्या पावतीकडे बघत राहिले. म्हणाले, ‘मग शेजारच्यांना मी आधी विचारून बघतो.’

इथून पुढे जे झालं त्याला जपानीत नेमावाशी म्हणतात. मोठं झाड हलवायचं तर आधी भोवती खणून मुळं मोकळी करतात, थोडी छाटतात, नवी बारीक मुळं फुटेपर्यंत थांबतात, मग हलवतात. निर्णयाचंही तसंच. ज्याचा ज्याचा संबंध येतो त्याला आधी एकेकट्याला विचारायचं. बैठकीत येतं ते नुसतं शिक्कामोर्तब. म.ला मी हे सांगितलं तेव्हा ती हसली. ‘ताई, हे तर आमच्या साखर कारखान्याच्या वार्षिक सभेसारखंच झालं. मंजूर, मंजूर, मंजूर, आणि सगळे जेवायला.’ अगदी खरं. सभेच्या आधी घरोघरी फिरणारे संचालक तिने लहानपणापासून पाहिले होते. फक्त विज्ञानातही तसं चालेल असं तिला वाटलं नव्हतं.

तिने टिन ऑक्साइड सोडलं आणि झिंक ऑक्साइड घेतलं, झिंक ॲसिटेटपासून. हा निर्णय सोपा नव्हता. तिची पाच वर्षांची तयारी टिनवर होती. दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. पण ॲसिटेटला क्लोरीन नाही, आणि गटाकडे स्पटरिंगचे झिंक ऑक्साइडचे जुने नमुने तुलनेला तयार होते.

दुसरी गोष्ट तिने स्वतःहून सुरू केली. दर शुक्रवारी पाचला सेन्सेईंना तीन ओळींचा मेल, प्रत जोक्योंना. या आठवड्यात काय केलं, पुढच्या आठवड्यात काय करणार, कशाबद्दल विचारायचं आहे. जपानी कचेऱ्यांत याला होरेनसो म्हणतात. होकोकु म्हणजे अहवाल, रेनराकु म्हणजे कळवणं, सोदान म्हणजे सल्ला विचारणं. तिन्हींची सुरुवातीची अक्षरं जोडली की पालकाच्या भाजीचं नाव होतं, म्हणून लक्षात राहतं. आपल्याकडे सतत वर कळवत राहणं म्हणजे आत्मविश्वास नसणं. तिथे न कळवणं म्हणजे लपवणं. नोव्हेंबरच्या त्या तीन शांत आठवड्यांत म.ने एकही ओळ लिहिली नव्हती. तिला ते स्वावलंबन वाटलं होतं.

जोक्योंचं विचारणं चालू होतं. शेजारचा गट, मग सुरक्षा विभाग, मग सहयोगी प्राध्यापक, शेवटी सेन्सेई. डिसेंबरच्या शेवटी गटाचं बोनेन्काई झालं, म्हणजे वर्ष विसरायची मेजवानी. तिथे सेन्सेई म.च्या शेजारी येऊन बसले, तिच्या ताटातल्या अंड्याच्या पदार्थात माशाचा रस्सा नाही ना, हे त्यांनीच वाढप्याला विचारलं. प्रयोगाबद्दल अवाक्षर नाही.

घाई एका वेगळ्याच बाजूने आली. जपानचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. गटाच्या हिशेबात मोठी खरेदी फेब्रुवारीतच बंद होणार होती. हीटर आणि नवं नोझल त्याआधी मागवलं नाही तर एप्रिलनंतर, म्हणजे तिच्याकडे चार महिने उरले असताना. ही तारीख तिला सेक्रेटरी-सान यांनी जानेवारीच्या मध्याला सांगितली. म.ने ती शुक्रवारच्या मेलमध्ये तिसऱ्या ओळीत, ‘विचारायचं आहे’ या मथळ्याखाली घातली. दोन दिवसांनी मागणीपत्रावर सेन्सेईंचा शिक्का उमटला.

निष्पत्ती

फेब्रुवारीच्या शेवटच्या सोमवारी विषय बैठकीत आला. सेन्सेई म्हणाले, म.-सान झिंक ऑक्साइडचा स्प्रे सुरू करतील. कोणीही प्रश्न विचारला नाही. पाच मिनिटं.

मार्चपासून काम वेगाने झालं. एप्रिलमध्ये मात्र जोक्यो दूर पश्चिमेकडे, कान्साईतल्या एका विद्यापीठात गेले, कराराची मुदत संपत आली होती म्हणून. एप्रिल म्हणजे बदल्यांचा महिना, हे सगळ्यांना माहीत असतं. म.ला कोणी आधी सांगितलं नव्हतं. तिच्या आणि गटाच्या मधला पूल गेला. मे महिना जवळजवळ वाया गेला.

थर चांगले निघाले, पण वायूच्या चाचण्यांना जेमतेम सहा आठवडे मिळाले. शोधनिबंध ती परतल्यावर आठ महिन्यांनी छापून आला, पहिलं नाव तिचं. टिन ऑक्साइडची मूळ कल्पना तशीच राहिली. ज्या विद्यार्थ्याला ओरडा बसला होता त्याने आणि म.ने मिळून जाण्याआधी प्रयोगशाळेच्या नियमांचं चार पानी इंग्रजी पत्रक केलं. सातवी ओळ डक्टबद्दल आहे. ‘वापर बंद’चा कागद गेला, त्या जागी ‘क्लोराइड चालणार नाही’ असा दोन भाषांतला कागद आला.

काय वेगळं करता आलं असतं

म.कडून एक गोष्ट सरळ होती. नोकर नसलेला पाहुणा आणि अनुदानाचा मालक या दोन कल्पना तिने पहिल्याच आठवड्यात सेक्रेटरी-सान यांच्याकडून समजून घ्यायला हव्या होत्या. खरेदी कोणाच्या नावावर जाते, शनिवारी काम करायला कोणाला कळवायचं, वर्ष कधी संपतं. हे प्रश्न विचारायला जपानी यावं लागत नाही.

चूक गटाकडूनही झाली. हे लिहायला मला संकोच वाटत नाही, कारण अशा प्रकरणात सगळं ओझं बाहेरून आलेल्या माणसावर टाकायची आपल्यालाच सवय आहे. ‘संस्कृतीचा फरक’ म्हटलं की विषय मिटतो. पण सामाईक डक्टची माहिती ही संस्कृती नाही, ती सुरक्षेची सूचना आहे. ती पहिल्या दिवसाच्या सुरक्षा प्रशिक्षणात इंग्रजीत असायला हवी होती. प्रशिक्षण झालं होतं, जपानीत, आणि म.ने हजेरीवर सही केली होती.

माझ्याकडून म्हणाल तर, शनिवारच्या त्या फोटोला अंगठा देण्याआधी मी विचारायला हवं होतं, ‘अगं, कोणाला सांगितलंस का?’

एका मुद्द्यावर म.चं आणि माझं आजही जुळत नाही. ती म्हणते, नोव्हेंबरच्या त्या बैठकीतच ‘कशामुळे अवघड?’ असं विचारलं असतं तर सेन्सेईंनी सांगितलं असतं, ते सज्जन गृहस्थ आहेत. मी म्हणते, शेजारच्या गटाशी असलेला वाद त्यांनी अकरा मुलांसमोर कधीच काढला नसता. त्यांनी पुन्हा दातांतून हवा ओढली असती आणि ती आणखी दोन रेघा मारून बसली असती. मागच्या दिवाळीत फोनवर यावरून आमचं पुन्हा वाजलं. ती म्हणाली, जोक्योंना मेल करून विचारते. त्यांचं उत्तर आलं, ‘हा जरा अवघड प्रश्न आहे.’